यात्रेच्या एक गाव पुढे

दांडीयात्रेचे छायाचित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. काठी टेकत झपझप चालणारे गांधी, मागे पांढऱ्या टोप्यांची रांग, दोन्ही बाजूंना धूळ आणि माणसे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या अठ्ठ्याहत्तर जणांची नावे ‘यंग इंडिया’त छापून आली. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचे नाव आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती यादी थोडी घरचीही वाटते. या रांगेच्या पुढे आणखी एक तुकडी चालत होती, ती मात्र छायाचित्रात येत नाही. येणार कशी? छायाचित्रकार गांधींजवळ होते आणि ही मुले पुढच्या गावात पोचलेली असत. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ही ‘अरुण टुकडी’. सूर्याच्या आधी येतो तो अरुण, या अर्थाने ठेवलेले नाव. मुख्य यात्रा पोचण्याआधी गावात जायचे, उतरण्याची जागा, पाणी, शिधा, संडासासाठीचे चर यांची व्यवस्था पाहायची आणि गावाची माहिती गोळा करून ठेवायची, असे तिचे काम होते.

यातले शेवटचे काम इतिहासलेखनात सहसा एका वाक्यात उरकले जाते. माझ्या मते ते अधिक जागा मागते. विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन तिथला सार्वजनिक व्यवहार समजून घ्यावा, ही कल्पना आज अभ्यासक्रमांत आहे, श्रेयांकांत आहे, शिबिरांच्या अहवालांत आहे. १९२९च्या डिसेंबरपासून १९३०च्या एप्रिलपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत गुजरातेतल्या मूठभर मुलांनी ते ज्या पद्धतीने केले, तिच्यात एक गोष्ट अशी होती की जी आधीच्या पाहण्यांत नव्हती आणि नंतरच्याही फारशा पाहण्यांत दिसत नाही. ती समजण्यासाठी आधी तो कागद पाहिला पाहिजे.

‘नवजीवन’च्या ९ मार्च १९३०च्या अंकात गांधींनी वाटेवरच्या गावांसाठी सूचना छापल्या. जेवण साधे हवे, गोडधोड नको, पानसुपारी नको, अशा सूचना त्यांत आहेतच. पण त्याखेरीज प्रत्येक गावाने कोणती माहिती तयार ठेवावी याची यादी आहे. लोकसंख्या किती; त्यात स्त्रिया किती, पुरुष किती; हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किती. अस्पृश्यांची संख्या आणि त्यांच्यासाठी शिक्षणाच्या वा अन्य काही सोयी असल्यास त्या. शाळा असल्यास मुलगे किती, मुली किती. चरखे किती, महिन्याला खादी किती खपते, पूर्ण खादी वापरणारे किती. माणशी मीठ किती लागते, गुरांना किती. गाई-म्हशी किती. जमीन महसूल किती भरला जातो, एकरी दर काय. गायरान आहे का, असल्यास किती. लोक दारू पितात का, दारूचे दुकान गावापासून किती दूर. आणि हे सगळे एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, आम्ही पोचताच हाती द्यावे.

राष्ट्रीय चळवळीचा सर्वोच्च नेता साम्राज्याच्या कायद्याविरुद्ध निघाला आहे आणि निघण्याच्या तीन दिवस आधी गायरानाचे क्षेत्रफळ विचारतो आहे, हे थोडे चमत्कारिक वाटते. तलाठ्याच्या दप्तरातले प्रश्न आणि आश्रमातले प्रश्न एकाच कागदावर आले आहेत. महसूल, गुरे, लोकसंख्या हे सरकारही विचारत असे. चरखे, दारूच्या दुकानाचे अंतर, अस्पृश्यांसाठीच्या सोयी हे सरकार विचारत नव्हते, निदान एकत्र तरी विचारत नव्हते.

*

गुजरातेत हा कागद आकाशातून पडला नव्हता. खेडा जिल्ह्याला मोजणीच्या राजकारणाची सवय बारा वर्षांची होती. १९१८चा खेडा सत्याग्रह मुळात एका आकड्यावरचे भांडण होते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या वर आहे असे सरकारी अधिकारी म्हणत, लोक म्हणत खाली आहे. आणेवारी हा शब्द मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळाच्या वर्षी तो अजूनही तहसील कचेरीत पोटातला गोळा बनून राहतो. अमृतलाल ठक्कर यांनी, म्हणजे पुढच्या काळातल्या ठक्करबाप्पांनी, परिस्थितीची चौकशी आधीच केली होती. मग गांधी, वल्लभभाई आणि त्यांचे साथी गावोगाव फिरले. चारशेहून अधिक गावांची माहिती जमली. सरकारी आकडा खोटा ठरवायचा तर आपला आकडा हवा आणि तो शिवारात उभे राहून काढलेला हवा, हे गुजरातच्या कार्यकर्त्यांना तिथे कळले.

दहा वर्षांनी बारडोलीत हाच धडा पुन्हा मिळाला, आणि या वेळी त्याची पावतीही मिळाली. साऱ्यात केलेली २२ टक्क्यांची वाढ सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांच्या चौकशीपुढे गेली. लोकांच्या बाजूने कागदपत्रे आणि हिशेब मांडण्याचे काम महादेव देसाई आणि नरहरी पारीख यांनी केले. खंडाचे आकडे गावात जाऊन न तपासताच मूळ आकारणी झाली होती, हे उघड झाले आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. गावात बसून नीट विचारले तर सरकारचा आकडाही हलतो, हे आता सिद्ध झाले होते.

दुसरीकडे विद्यापीठीय पाहण्यांची एक परंपरा सुरू झाली होती. मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेल्या गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ साली आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती एक प्रश्नावली दिली आणि सुटीत घरी जाल तेव्हा आपापल्या गावाची माहिती भरून आणा असे सांगितले. त्यातून १९१८ साली ‘सम साउथ इंडियन व्हिलेजेस’ हे पुस्तक निघाले. कल्पना साधी, पण गमतीची आहे. ज्या गावात मुलगा वाढला तिथेच तो कागद घेऊन परका होऊन जातो. ज्याला काल काका म्हटले त्याला आज कर्ज किती म्हणून विचारतो. स्लेटर यांची ती गावे पुढे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा तपासली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या थॉमस आणि रामकृष्णन यांच्या फेरपाहणीपासून ही साखळी सुरू होते.

आपल्याकडे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागरची पाहणी केली. ती १९१७ साली छापली गेली. १७७१ साली तिथली सरासरी धारणा ४० एकर होती. १८१८ साली १७.५, आणि १९१४-१५ साली ७ एकर. १५६ जमीनमालकांकडे मिळून ७२९ तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ एक एकराहून लहान. डॉ. आंबेडकरांनी १९१८च्या लहान धारणांवरील निबंधात या पाहणीची दखल घेतली. आज त्या पिंपळे सौदागरात एकराचा हिशेब कोणी करत नाही. चौरस फुटांचा करतात. तो विषय वेगळा.

या दोन्ही परंपरांत आकड्याची वाट ठरलेली होती. तलाठ्याने घेतलेला आकडा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून वर जाई. प्राध्यापकाने घेतलेला आकडा छापखान्यात जाई. ज्याच्या अंगणात बसून तो लिहून घेतला त्याच्याकडे तो परत येत नसे. येण्याचे कारणही कोणाला दिसत नव्हते.

*

गुजरात विद्यापीठाची स्थापना ऑक्टोबर १९२०ची, असहकाराच्या भरातली. सरकारी शिक्षण सोडून आलेल्या मुलांसाठी हे विद्यापीठ होते. त्याची पदवी सरकारी नोकरीच्या कामाची नव्हती. १९२८ पासून काकासाहेब कालेलकर त्याचे कुलनायक होते. साताऱ्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला हा माणूस गुजराती गद्याचा शैलीकार झाला आणि गांधींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. विद्यापीठाचा प्रमुख म्हणून त्यांनी काय केले, हे मात्र आपण कमी सांगतो.

१९२९च्या मे महिन्यात जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा नावाचा एक हिशेबतपासनीस साबरमतीला गांधींना भेटायला आला. तंजावरचा तमिळ ख्रिस्ती, लंडनमध्ये सनदी लेखापाल झालेला, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली भारताच्या सार्वजनिक वित्तव्यवहारावर प्रबंध लिहिलेला, मुंबईत व्यवसाय करणारा. प्रबंध गांधींना आवडला. तो ‘यंग इंडिया’तून क्रमशः छापायचे ठरले आणि त्याबरोबर गांधींनी विचारले, गुजरातेतल्या खेड्यांची पाहणी कराल का? कुमारप्पांनी अडचण सांगितली: गुजराती येत नाही. गांधींचे उत्तर होते, विद्यापीठाची मुले आहेत. काकासाहेबांनाही भाषा न येणाऱ्या माणसाच्या हाती हे काम द्यावे की नाही याची सुरुवातीला शंका होती. पण शेवटी ठरले, आणि खेडा जिल्ह्यातला मातर तालुका निवडला गेला. काम वल्लभभाईंच्या आस्थेचे होते. साऱ्याचा प्रश्न तिथेही होताच.

भाषा न येणे हे या पाहणीचे भाग्य ठरले, असे मला वाटते. पाहणीप्रमुखाला गुजराती येत असते तर विद्यार्थी हे मदतनीस राहिले असते, कागद धरणारे, शाईची दौत सांभाळणारे. आता प्रश्न विचारणे, उत्तर ऐकणे, उत्तर खरे की घाबरून दिलेले हे ओळखणे, सगळे मुलांवर आले. कुमारप्पांजवळ हिशेबनिसाची नजर होती. पेढीचा हिशेब तपासायचा तर खतावणी असते. शेतकऱ्याच्या घराला खतावणी नसते. मग बियाणे किती पेरले, बैल कधी घेतला, लग्नात काय खर्च झाला, सावकाराला गेल्या होळीला काय दिले, असे एकेक विचारत जमाखर्च उभा करावा लागतो. आणि शेतकऱ्याला उत्पन्न विचारणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकच होता, सरकारचा. त्याला कमी सांगायचे, हे शहाणपण मुलाला बापाकडून मिळालेले. खादीची टोपी घातलेल्या विद्यार्थ्याने तोच प्रश्न विचारला तर काय सांगायचे? कमी सांगितले तर गरिबी सिद्ध होईल आणि सारा घटेल, म्हणून आणखीच कमी सांगायचे? कार्यकर्त्यांच्या हाती आकडा असतो तेव्हा हा धोका असतोच आणि कुमारप्पांसारख्या हिशेबतपासनीसाला तो सांगण्याची गरज नव्हती.

१९२९च्या डिसेंबरपासून सुमारे तीन महिने हे काम चालले. ५४ गावे पाहिली गेली. अहवाल ‘अ सर्व्हे ऑफ मातर तालुका इन खेडा डिस्ट्रिक्ट’ या नावाने विद्यापीठाने १९३१ साली प्रसिद्ध केला. जमिनीची प्रत, पाणी, गुरे, कर्ज, कुटुंबाचा जमाखर्च, सारा, सगळे त्यात आहे आणि निष्कर्ष सरकारच्या सोयीचा नाही. पण पुस्तक निघण्याआधीच घटनांनी वेग घेतला. मार्च १९३० उजाडला, ७ तारखेला रास गावी वल्लभभाईंना अटक झाली, विद्यापीठाने वर्ग स्थगित करून मुलांना आणि शिक्षकांना चळवळीसाठी मोकळे केले. पाहणीचा कागद कसा धरायचा हे आता विद्यापीठात माहीत झाले होते. आणि यात्रेचा मार्ग नवागाम, वासणा, मातर असा याच तालुक्यातून जात होता.

*

पहिला मुक्काम असलाली. त्या संध्याकाळचे गांधींचे भाषण वाचताना हसू येते आणि मग येत नाही. ते एका गावाचे गणित आहे. तुमच्या गावची वस्ती १,७०० असेल तर तुम्हाला ८५० मण मीठ लागेल, म्हणजे माणशी अर्धा मण. गुरांसाठी आणखी ३०० मण. एकूण १,१५०. हा गावचा कच्चा मण. सरकारचा पक्का मण याच्या दुप्पट, म्हणून ५७५ पक्के मण. मणामागे सव्वा रुपया कर. म्हणजे असलाली गाव मिठासाठी वर्षाला ७२० रुपये सरकारला देते.

कच्चा मण आणि पक्का मण यांतला फरक गांधींनी भाषणात मांडला, याला महत्त्व आहे. गुजरातेत व्यवहारातला मण वीस शेरांचा, सरकारी मण चाळीस शेरांचा. गावातल्या बाईला विचारले, मीठ किती लागते, तर ती आपल्या मणात सांगणार. कर मात्र सरकारच्या मणावर. मध्ये बसलेल्या मुलाने कुठला मण ते नोंदवले नाही तर कराचा आकडा दुप्पट निघतो आणि दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत हशा होतो. पाहणीतला प्रामाणिकपणा बहुतेक वेळा अशाच ठिकाणी लागतो. तत्त्वज्ञानात लागतो असे आपण उगाच समजतो.

मिठावरचा कर किती आहे, हे असलालीत कोणाला माहीत नव्हते असे नाही. पण पै-पैशाने, चिमटी-चिमटीने दिलेला कर कोणाला एकत्र दिसत नाही. ७२० हा आकडा त्या गावाने पहिल्यांदा ऐकला असावा. तो आकडा गावाच्याच उत्तरांतून बनला होता आणि त्याच गावात, सगळ्यांसमोर, परत आला होता. चूक असेल तर समोर बसलेला कोणीही उठून सांगू शकत होता की बैल इतके नाहीत, वस्ती इतकी नाही. मद्रासच्या पुस्तकात चूक राहिली तर ती पुढच्या फेरपाहणीपर्यंत राहते. तलाठ्याच्या दप्तरात राहिली तर तीस वर्षांच्या पुढच्या जमाबंदीपर्यंत राहते. इथे ती रात्रीच्या जेवणाआधी दुरुस्त होऊ शकत होती. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहा: आपण विचारलेला प्रश्न पुढे काय होतो, हे त्यांना ऐकू येत होते. आपल्या वहीतला आकडा सभेत उच्चारला जाताना आणि त्यावर लोकांचे चेहरे बदलताना दिसणे, हे शिक्षण कुठल्याही वर्गात मिळाले नसते.

पुढच्या गावांत हेच चालू राहिले. इथे इतके चरखे आणि खादी इतकी कमी का; शाळेत मुलगे इतके तर मुली कुठे आहेत; गावाच्या मुखीने, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाने, राजीनामा द्यावा. शेवटच्या मागणीत गावाच्या नागरी व्यवहाराचे नेमके निदान होते. इंग्रजी राज्य गावात दिसते ते कलेक्टरच्या रूपाने दिसत नाही. ते मुखी आणि तलाठी यांच्या रूपाने दिसते. वसुली, पंचनामा, अटकेची वर्दी, सगळे त्यांच्या हातून होते. मुखी आपलाच, भाऊबंदातला. त्याने राजीनामा दिला तर गाव आणि सरकार यांच्यातला सांधाच निखळतो. वाटेवरच्या अनेक मुखींनी तो दिला. तो देताना घरात काय बोलणी झाली असतील याची नोंद कुठल्या प्रश्नावलीत नसते.

*

प्रश्नावलीतले अस्पृश्यांविषयीचे दोन प्रश्न सगळ्यात अवघड होते. बाकी उत्तरे चावडीवर बसून मिळत. ही उत्तरे घ्यायची तर गावकुसाबाहेर जावे लागे, किंवा मग चावडीवरच्याच माणसाने सांगितलेला आकडा लिहून घ्यावा लागे. दोन्हींत फरक आहे आणि कुठल्या गावात कोणते झाले, हे कागदावरून कळत नाही. पण संख्या लिहून घेतली की ती माणसे सभेत आहेत की नाहीत हे पाहता येते, एवढे मात्र झाले. १५ मार्चला डभाण येथे गांधी स्वागताच्या जागी न थांबता अस्पृश्यांच्या वस्तीत गेले आणि तिथल्या विहिरीचे पाणी काढून त्यांनी स्नान केले. स्वागताला आलेल्या सवर्णांची पंचाईत झाली. २१ तारखेला गजेरा गावी अस्पृश्यांना सभेत येऊ दिले नव्हते. ते येऊन बसेपर्यंत गांधी बोलले नाहीत. पत्रकावरचा आकडा आणि मैदानातली गर्दी यांचा ताळा असा घेतला गेला.

पण मग प्रश्नावलीत काय नव्हते, तेही पाहायला हवे. कर्जाचा प्रश्न नव्हता. कूळ कोण, मालक कोण, हा प्रश्न नव्हता. खेडा जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या धाराळा किंवा बारैया लोकांपैकी अनेकांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. रविशंकर महाराज त्यांच्यात राहून या हजेरीविरुद्ध वर्षानुवर्षे लढले होते. झवेरचंद मेघाणींनी त्या अनुभवांवर पुढे ‘माणसाईना दीवा’ लिहिले. म्हणजे गुजरातच्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. तरी गावात किती जण हजेरीवर आहेत, असे त्या कागदावर विचारलेले नाही. गुजरातच्या शेतकरी चळवळीवर लिहिणाऱ्या डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवले आहे की या जिल्ह्यात काँग्रेसचा कणा पाटीदारांचा होता. अरुण टुकडीची मुले ज्या ओसरीवर उतरत, तीही बहुधा त्यांचीच. ज्याच्या घरचे जेवतो त्याला त्याच्या शेतावरच्या मजुराबद्दल विचारणे सोपे नसते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पाहणी करणारा कुठे उतरतो यावर पाहणीत काय येते हे पुष्कळ अवलंबून असते, आणि हे तेव्हाही खरे होते.

मातरच्या अहवालात कर्ज आहे, जमाखर्च आहे. यात्रेच्या कागदात नाही. एकाला तीन महिने मिळाले होते, दुसऱ्याला एक दिवस. त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवून वाचले पाहिजेत, असे मला वाटते. आपल्याकडे मातरचा अहवाल अर्थशास्त्रवाले वाचतात, यात्रेचा कागद गांधीचरित्रवाले, आणि दोन्ही कामे एकाच विद्यापीठाने एकाच हंगामात केली हे दोघांच्याही लक्षातून सुटते.

*

२९ मार्चच्या रात्री सुरत जिल्ह्यातल्या भाटगाम येथे गांधी ज्या भाषेत बोलले, तशी भाषा त्यांनी यात्रेत अन्यत्र क्वचितच वापरली. व्हाइसरॉयला लिहिलेल्या २ मार्चच्या पत्रात त्यांनी हिशेब मांडला होता की तुमचे उत्पन्न दिवसाला सातशे रुपयांहून जास्त, भारतीय माणसाचे सरासरी दोन आण्यांहून कमी. म्हणजे पाच हजारपटींहून अधिक. आता त्यांच्या नजरेला आले की यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने भाजी आणि दूध येते आहे. रात्रीच्या वाटचालीत एक मजूर डोक्यावर रॉकेलचा जड दिवा घेऊन चालतो आहे आणि त्याला भरभर चालण्यासाठी हाकलले जाते आहे. ही वेठ आहे, असे त्यांना वाटले. आपण गावाच्या सरासरी उत्पन्नाच्या कितीतरी पट खर्च करत असू, तर व्हाइसरॉयला पत्र लिहिण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

सतरा दिवस गावांना प्रश्न विचारले जात होते. भाटगामला प्रश्न विचारणाऱ्यांचाच जमाखर्च तपासला गेला. व्यवस्था पाहणारी मंडळी, स्थानिक कार्यकर्ते, आश्रमवासी, सगळेच त्या तपासणीत सापडले. पुढच्या गावाची सोय करणाऱ्या मुलांनाही हे ऐकावे लागले असणार; शिधा कुठून आणि दिवे कुणाच्या डोक्यावरून, हे त्यांच्याच कामाच्या कक्षेतले प्रश्न होते. प्रश्नावलीत यात्रेकरूंच्या खर्चाचा रकाना नव्हता. तो गांधींनी तोंडी घातला.

५ एप्रिलला यात्रा दांडीला पोचली, ६ तारखेला मीठ उचलले गेले आणि त्यानंतरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यापीठाची मुले पांगली. कुमारप्पा ‘यंग इंडिया’च्या संपादनात गुंतले, तुरुंगात गेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले, तेव्हा मातरचा हा हिशेबनीस विदर्भात आला. घाणी, कागद, चामडे, मधमाश्या यांच्याबरोबर ग्रामसेवकांचे शिक्षण हाही मगनवाडीचा विषय होता. निरनिराळ्या प्रांतांतले तरुण तिथे येऊन शिकले. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही पुढे कुमारप्पांकडे आले आणि खेड्यांची मोजणी पुन्हा सुरू झाली, या वेळी आपल्याच लोकांच्या सरकारसाठी.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी तिच्या हिवाळी शिबिरात दत्तक गावात सात दिवस काढले आहेत: पहाटेची प्रभातफेरी, श्रमदान, शोषखड्डे, रात्रीचे पथनाट्य, आणि एखाद्या दुपारी छापील फॉर्म घेऊन घरोघर केलेली कुटुंबपाहणी. तो फॉर्म महाविद्यालयात जातो, अहवालाला जोडला जातो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक गावाला ग्रामसभा आहे, तिचे दिवस ठरलेले आहेत. शिबिराचा शेवटचा दिवस आणि ग्रामसभेचा दिवस एकच ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. मुले निघण्याआधी त्यांनी भरलेला आकडा गावासमोर वाचला जाईल, आणि एखादी म्हातारी उठून म्हणेल, आमच्या गल्लीतली घरे तुम्ही मोजलीच नाहीत.

मातरची फेरपाहणी विमल शहा आणि सी. एच. शहा यांनी केली. ती १९७४ साली पुस्तकरूपाने निघाली. कुमारप्पांच्या मुलांनी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे बसवता आले, कारण जुने आकडे काळजीने लिहिलेले होते. यात्रेच्या वाटेवरच्या गावांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेले कागद मात्र असे कोणी पुन्हा तपासायला घेतले नाहीत. ते रोजच्या रोज, त्या त्या संध्याकाळी, त्या त्या गावातच खर्ची पडले होते.